पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं: पोर्टलवरची आपली माहिती नेमकी कुठून बाहेर पडते?

शिष्यवृत्तीचा अर्ज, हजचा अर्ज, रेशनकार्ड, लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी, मुलांचा कॉलेज प्रवेश. गेल्या काही वर्षांत घरातले जवळपास प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर जाऊन बसले आहे. आधार क्रमांक, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, घरातल्या मुलींचे फोटो आणि मोबाइल नंबर, सगळे आपण स्वतःच्या हाताने तिथे भरतो. सायबर कॅफेवाला भरत असेल तर त्याच्या हाताने.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले. मूळ कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. या निमित्ताने संमती कशी घ्यायची, दंड किती, सरकारला सूट किती यावर बरीच चर्चा झाली आणि ती गरजेचीही आहे. पण माहिती प्रत्यक्षात फुटते कशी, हा प्रश्न बाजूलाच राहिला. सिनेमात दाखवतात तसा कुणी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे टाइप करत तिजोरी फोडतो, असा आपला समज असतो. बऱ्याचदा तसे काही घडतच नाही. दार उघडेच असते. फक्त ते पुढचे नसून मागचे असते.

पान वेगळे, पडद्यामागचा पत्ता वेगळा

आधी हे मागचे दार म्हणजे काय ते पाहू. आपण पोर्टल उघडतो तेव्हा समोर दिसते ते फक्त पान: रकाने, बटणे, रंग. आपली माहिती त्या पानात नसते. ती दूरच्या सर्व्हरवर असते. आपण 'माझा अर्ज पाहा' हे बटण दाबले की पान आपल्या नकळत सर्व्हरच्या एका ठरावीक पत्त्यावर निरोप पाठवते: अमुक क्रमांकाचा अर्ज द्या. सर्व्हर उत्तर पाठवतो आणि पान ते नीट मांडून दाखवते. या पडद्यामागच्या पत्त्यांना तंत्रज्ञ 'एंडपॉइंट' म्हणतात आणि देवाणघेवाणीच्या या व्यवस्थेला 'एपीआय'.

लग्नाच्या दावतीत पाहुणा दस्तरखानावर बसतो आणि वाढपी भटारखान्यातून ताट भरून आणतो, तसेच हे. पाहुण्याने भटारखान्यात जाऊ नये अशी अपेक्षा असते. पण भटारखान्याला दारच नसेल तर?

इथेच घोळ आहे. पडद्यामागचा हा पत्ता खरे तर गुप्त नसतोच. कॉम्प्युटरवर बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबले की पान कुठे कुठे निरोप पाठवते आहे त्याची सगळी यादी समोर येते. त्यातला एखादा पत्ता उचलून थेट ब्राउझरमध्ये टाकला आणि सर्व्हरने काहीही न विचारता माहिती दिली, तर मग पुढच्या पानावरचा लॉगिन, कॅप्चा, ओटीपी हा सगळा थाटमाट फक्त देखावा ठरतो.

कोविनने काय शिकवले?

आपल्या देशातले सगळ्यांच्या परिचयाचे उदाहरण कोविनचे. १२ जून २०२३ रोजी बातमी फुटली की टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला की लस घेतलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा क्रमांक आणि लस कुठे घेतली हे समोर येते. अनेक नेत्यांची आणि पत्रकारांची माहितीही त्यात असल्याचे बातम्यांत आले.

आरोग्य मंत्रालयाने त्याच दिवशी या बातम्या निराधार आणि खोडसाळ असल्याचे सांगितले. कोविनच्या डेटाबेसमध्ये थेट घुसखोरी झाली नाही आणि तो बॉट कोविनच्या एपीआयवरून थेट माहिती घेत नव्हता, असे 'सर्ट-इन' या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे सांगण्यात आले. पुढे दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला अटकही केली.

पण मंत्रालयाच्या त्याच निवेदनातली एक गोष्ट जास्त लक्ष देण्यासारखी आहे. ओटीपीशिवाय माहिती देणारा कोणताही सार्वजनिक एपीआय नाही, असे सांगतानाच निवेदनात पुढे म्हटले होते की काही एपीआय आयसीएमआरसारख्या संस्थांना दिलेले आहेत आणि त्यातला एक केवळ मोबाइल नंबरवरून माहिती देतो, असे समजते. मात्र तो फक्त कोविनने मान्यता दिलेल्या, यादीतल्या ठिकाणाहून आलेली विनंतीच स्वीकारतो.

म्हणजे भटारखान्याला दार होते आणि दारावर ओळखीच्या माणसांची यादीही होती. ही पद्धत चुकीची नाही. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचे असेल तर अशी यादी लागतेच. पण नुसत्या मोबाइल नंबरवर माणसाची माहिती देणारी खिडकी मुळात असावी का? यादीतल्या एखाद्याची किल्ली चोरीला गेली तर चोर एकामागून एक नंबर टाकत जाईल आणि सर्व्हर इमानदारीने उत्तरे देत राहील. बॉटने माहिती कुठून घेतली हा पोलिस तपासाचा भाग झाला. अशी खिडकी ठेवावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो आजही तसाच उभा आहे.

ब्राउझरवर पहारा बसवून काय होणार?

मागचे दार उघडे आहे हे कळल्यावर बरेच डेव्हलपर स्वस्तातला उपाय करतात. विनंती आपल्याच पानावरून आली आहे का, हे तपासतात. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत 'मी अमुक पानावरून आलो' अशी चिठ्ठी जोडतो. चिठ्ठी असेल तर आत, नसेल तर बाहेर. पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकणाऱ्याला 'प्रवेश निषिद्ध' दिसते आणि सगळे खूश होतात.

पण ती चिठ्ठी लिहितो कोण? विनंती पाठवणाराच. ब्राउझर वापरणारा सामान्य माणूस ती बदलत नाही, पण दोन ओळींचा प्रोग्राम लिहिणारा तिच्यात हवे ते लिहू शकतो. पाहुण्याने स्वतःच लिहून आणलेल्या शिफारसपत्रावर त्याला तिजोरीच्या खोलीत सोडण्यासारखे हे आहे.

असेच आणखी काही भ्रम आहेत. 'कॉर्स' नावाचा एक नियम असतो. एका वेबसाइटने दुसऱ्या वेबसाइटवरची आपली माहिती गुपचूप वाचू नये म्हणून ब्राउझर तो पाळतो. नियम चांगला आहे, पण तो ब्राउझर पाळतो. ब्राउझर न वापरणाऱ्या प्रोग्रामला त्याचे बंधन नाही. काही जण पानाच्या कोडमध्येच गुप्त किल्ली लिहून ठेवतात. ते पान प्रत्येकाच्या मोबाइलवर उतरते, म्हणजे किल्लीही प्रत्येकाच्या हातात पडते. काही जण माउसचे उजवे बटण बंद करतात. काही ठिकाणी तर ओटीपी बरोबर आहे की नाही हे सर्व्हर तपासतच नाही, पानच तपासते. म्हणजे परीक्षार्थीनेच आपला पेपर तपासायचा!

नियम सोपा आहे. जे काही वापरणाऱ्याच्या हातात आहे त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तपासणी सर्व्हरवर झाली पाहिजे, प्रत्येक विनंतीला झाली पाहिजे आणि तिथे दोन वेगवेगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिला: तू कोण? दुसरा: तू मागतोस ती वस्तू तुझी आहे का?

पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा विसरतात. समजा, तुम्ही लॉगिन केले आणि तुमच्या अर्जाचा क्रमांक ४५०१ आहे. पत्त्यातला आकडा बदलून ४५०२ केला आणि शेजाऱ्याच्या मुलीचा अर्ज फोटोसकट उघडला, तर सर्व्हरने तुम्ही कोण ते विचारले, पण अर्ज कुणाचा ते विचारले नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेने एपीआयमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी २०१९ मध्ये केली आणि २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही वेळा पहिला क्रमांक याच चुकीचा होता.

मोठमोठे याच दगडाला ठेचाळले

ही चूक लहान संस्थाच करतात असे समजू नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'फर्स्ट अमेरिकन' या मालमत्ता व्यवहारांतल्या मोठ्या कंपनीची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे उघडी असल्याचे समोर आले. त्यात बँक खात्यांचे तपशील होते, करांचे कागद होते. ती पाहायला लॉगिनचीही गरज नव्हती. पत्त्यातला आकडा बदलला की पुढचा कागद हजर!

ऑस्ट्रेलियातल्या 'ऑप्टस' या टेलिकॉम कंपनीचे प्रकरण आणखी बोलके आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या सुमारे एक कोटी आजी-माजी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच जेमतेम अडीच कोटींच्या वर. तिथल्या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये न्यायालयात मांडले की कोडमधल्या एका चुकीमुळे एपीआयवरचे नियंत्रण २०१८ पासूनच निकामी झाले होते. २०२१ मध्ये कंपनीच्या मुख्य वेबसाइटवर ती चूक दुरुस्त झाली, पण त्याच एपीआयचा एक पडीक पत्ता इंटरनेटवर तसाच उघडा राहिला आणि चोर तिथून आत शिरला. नियामकाच्या म्हणण्यानुसार त्यासाठी फार मोठ्या कौशल्याची गरज नव्हती.

घर बदलल्यावर जुन्या घराची किल्ली कुणाकुणाकडे राहिली हे आपण विसरतो, तसेच हे. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी पोर्टल बदलते, कंत्राटदार बदलतो, नवे ॲप येते. जुन्याचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

मग सगळेच बंद करून टाकायचे का?

नाही. याची दुसरी बाजूही कोविननेच दाखवली. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले आणि ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. कुठल्या केंद्रावर किती जागा आहेत, हे सांगणारा कोविनचा एपीआय खुला होता. तरुण प्रोग्रामरांनी त्यावर जागा उघडताच मोबाइलवर सूचना देणाऱ्या सेवा तयार केल्या आणि हजारो लोकांना त्याचा फायदा झाला. पण ज्याला कोड येतो, ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आहे, तो पुढे आणि बाकीचे मागे, असेही झाले. शहरातली माणसे गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घ्यायला गेली आणि गावकरी पाहत राहिले.

सरकारने मग एपीआयला लगाम घातला. एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या, आणि जागांची माहितीही थोडी शिळी, काही मिनिटांपूर्वीची. बॉट मंदावले. पण ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्याला याने काय मिळाले? ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवरच बोट ठेवले. खरा दिलासा मिळाला तो केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करता येऊ लागली तेव्हा.

आमच्या मते यातून दोन गोष्टी निघतात. एक, सार्वजनिक माहिती आणि वैयक्तिक माहिती यांना एकाच कुलपात कोंबू नये. लसीच्या जागा, रेशन दुकानातला साठा, योजनेचा निधी, वक्फ मालमत्तांची यादी, न्यायालयाचे कामकाज ही जनतेची माहिती आहे. ती खुली असावी, विनंत्यांवर वाजवी मर्यादा घालून. सुरक्षेच्या नावाखाली तीही बंद करणे म्हणजे जाब विचारण्याचा हक्क काढून घेणे. दोन, माणसाची माहिती मात्र त्या माणसालाच दिसावी आणि ज्याचे काम आहे त्याला कामापुरतीच. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे चालते: जे खुले असायला हवे ते 'सर्व्हर डाउन' आणि जे झाकायला हवे ते उघडे.

दार उघडे आहे असे सांगणारा गुन्हेगार?

आणखी एक रोग आहे, तो तांत्रिक नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका पत्रकाराला दिसले की शिक्षण विभागाच्या वेबसाइटच्या पानातच शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक दडलेले आहेत. त्याने आधी विभागाला कळवले, दुरुस्ती होईपर्यंत थांबला, मग बातमी दिली. राज्याच्या गव्हर्नरांनी त्यालाच हॅकर ठरवून खटल्याची धमकी दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला.

आपल्याकडे जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'ने बातमी दिली की ५०० रुपये मोजले की आधारची माहिती पाहता येईल असे लॉगिन मिळते. आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून जो गुन्हा नोंदला गेला त्यात बातमी देणाऱ्या पत्रकाराचेही नाव होते. एडिटर्स गिल्डने त्याचा निषेध केला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आमच्या तरुण वाचकांना सांगणे आहे: आकडे बदलून पाहण्याचा 'प्रयोग' इतरांच्या पोर्टलवर करू नका. चुकून काही दिसलेच तर ते डाउनलोड करू नका, मित्रांना दाखवू नका. त्या संस्थेला आणि सर्ट-इनला लेखी कळवा. पण सरकारलाही विचारले पाहिजे: चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण कधी देणार? तो घाबरून गप्प बसला तर दार उघडेच राहते आणि आत जातो तो फक्त चोर.

आपल्या घरात डोकावू या

सरकारवर आणि कंपन्यांवर बोलणे सोपे आहे. आपल्या संस्थांचे काय? आज जमाती, ट्रस्ट, शिक्षण संस्था, बैतुलमाल, निकाहासाठी स्थळे सुचवणारी मंडळे, सगळ्यांची ॲप्स आणि वेबसाइट्स आहेत. चांगलेच आहे. पण त्यातली माहिती बघा: जकात कुणाला दिली त्यांची नावे, विधवांची खाती, अनाथ मुलांचे वय आणि पत्ता, मुलींचे बायोडेटा फोटो आणि फोन नंबरसह. हे सगळे अनेकदा एखाद्या ओळखीच्या मुलाने चार दिवसांत, कमी पैशांत बनवलेल्या वेबसाइटवर असते.

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' प्रकरणात मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांचा ऑनलाइन 'लिलाव' मांडला गेला. ते फोटो सोशल मीडियावरून घेतलेले होते, कुठले पोर्टल फोडून नव्हे. पण विकृत माणसाच्या हाती फोटो आणि नाव लागले की तो काय करतो, हे आपण पाहिले आहे. त्याला एखाद्या स्थळांच्या वेबसाइटवरून फोटोसोबत पत्ता आणि मोबाइल नंबरही मिळाला तर?

नवा कायदा अशी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला 'डेटा फिड्युशिअरी', म्हणजे माहितीचा विश्वस्त मानतो. आपल्याकडे त्याला जुना आणि जास्त जड शब्द आहे: अमानत. गरजूने हात पसरताना दिलेली माहिती ही अमानतच. देणाऱ्याचा उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये म्हणणारा समाज घेणाऱ्याची यादी इंटरनेटवर उघडी कशी ठेवू शकतो?

संस्थाचालकांना कोड यायची गरज नाही. वेबसाइट बनवणाऱ्याला हे प्रश्न मात्र जरूर विचारा:

– लॉगिन न करता पडद्यामागचा कोणताही पत्ता उघडला तर वैयक्तिक माहिती मिळते का?
– एका अर्जदाराने लॉगिन करून क्रमांक बदलला तर दुसऱ्याचा अर्ज दिसतो का? हे आमच्यासमोर करून दाखवा.
– अपलोड केलेले आधार आणि फोटो थेट लिंकवरून कुणालाही उघडतात का?
– पानावर नाव आणि गावच दिसत असेल, तर सर्व्हर मोबाइल नंबर आणि आधारही मागून पाठवतो का?
– ॲडमिनची पाने आणि डेटाबेस इंटरनेटवर सगळ्यांना उघडे आहेत, की ठरावीक ठिकाणांपुरतेच?
– एकाच ठिकाणाहून हजारो विनंत्या आल्या तर यंत्रणा थांबवते का? नोंद ठेवते का?
– जुनी वेबसाइट, चाचणीची वेबसाइट, जुन्या स्वयंसेवकांची लॉगिन बंद केली का?

'कुणाला पत्ताच माहीत नाही' असे उत्तर आले तर समजा की दार उघडे आहे. आणि सगळ्यात स्वस्त सुरक्षा कोणती? जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. काम झाले की पुसून टाका.

कायदा कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

नव्या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना विनाविलंब कळवायचे आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची खातरजमा केलेली संमती लागेल. या तरतुदी मोलाच्या आहेत.

पण दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय केंद्र सरकार काही सरकारी यंत्रणांना यातून सूट देऊ शकते. सर्वांत जास्त माहिती सरकारकडेच असताना ही सूट काळजीची आहे. पोर्टल सुरू करण्यापूर्वी स्वतंत्र सुरक्षा तपासणी, तिच्या निष्कर्षांचा सारांश जाहीर करणे आणि जुने पोर्टल बंद केल्याचे प्रमाणपत्र, एवढी मागणी तरी लोकप्रतिनिधींनी विधानसभेत आणि संसदेत लावून धरली पाहिजे. पोर्टलच्या उद्घाटनाला फीत कापणाऱ्यांनी मागच्या दाराचीही चौकशी करावी.

घरच्यांसाठी इतकेच: आधारऐवजी जिथे चालते तिथे शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. गरज नसलेला रकाना रिकामा ठेवा. स्थळासाठी मुलीचा फोटो आणि मोबाइल नंबर वेबसाइटवर टाकण्याऐवजी घरच्या मोठ्यांचा नंबर द्या. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. आणि ज्या ट्रस्टकडे, ज्या जमातीकडे आपला अर्ज आहे, तिथे पुढच्या बैठकीत वरच्या सात प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवा. मे २०२७ ची वाट पाहायची गरज नाही.